हॉर्नची जागा

चौथऱ्यावर स्टँड होता, आणि स्टँडवर पुस्तक.

गुरुवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये शिरलो तर हे. पाय दारातच अडला. पुस्तक म्हणजे संगीताचं. ऐंशी माणसांनी काय काय वाजवायचं ते सगळं एकाखाली एक ओळींत छापलेलं, जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. जगातले बहुतेक संचालक ते समोर ठेवूनच वाद्यवृंद चालवतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मी ठेवत नाही. हे दारावरच्या माणसापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मी यायच्या आधी मामा, म्हणजे रंगमंचाची हलवाहलव बघणारा आमचा म्हातारा, चौथऱ्यावरचा स्टँड उचलून नेतो आणि मी मोकळ्या चौथऱ्यावर चढतो. इतक्या वर्षांचा रिवाज. आणि तो मोडला कधी, तर शनिवारचा कार्यक्रम तोंडावर आलेला असताना, आणि त्यानंतर कार्यकारिणी माझ्या कराराचं ठरवायला बसणार असताना. योगायोग म्हणे! मी आयुष्यात इतक्या गावांत, इतक्या कमिट्यांसमोर उभा राहिलोय की योगायोग कसे शिजतात ते मला वासावरून कळतं.

"मामा, हे काय आहे?" मी विचारलं. "पुस्तक आहे साहेब." "ते मलाही दिसतंय. ठेवलं कोणी?" "मीच." "का?" "निरोप आला तसा." "कोणाचा निरोप?" मामा गुडघा चोळायला लागला. अडचणीचा प्रश्न आला की त्याचा गुडघा दुखतो. "मला वाटलं तुमचाच असेल," तो म्हणाला. मी म्हटलं, उचल. त्यानं उचललं. स्टँडचा पाय फरशीवर घासला आणि तेवढा एकच आवाज त्या हॉलमध्ये झाला. एरवी मी चौथऱ्यावर चढलो तरी यांच्या गप्पा चालूच असतात, कोणी तारा पिळतोय, कोणी नाक शिंकरतोय, मागच्या रांगेत कोणाचा तरी विनोद अर्धा राहिलेला असतो आणि तो पुरा झाल्याशिवाय मी छडी उचलली तर लोक नाराज होतात. आज सगळे चिडीचूप. सगळ्यांच्या नजरा आपापल्या कागदात. शाळेत फळ्यावर गुरुजींचं चित्र काढून ठेवलेला वर्ग असाच बसतो. एवढे शहाणे हे कधीपासून झाले?

मी सुरुवात केली, पण लक्ष संगीतात नव्हतं. तोंडं वाचत होतो. डावीकडे पहिल्या खुर्चीवर कारभारी. पहिला व्हायोलिनवाला, सगळ्या तंतुवाद्यांचा म्होरक्या. घर कोण चालवतं हे घरातल्या म्हाताऱ्यालाच कळत नाही अशा घरांत असतो ना एक, तसा. म्हणून मी त्याला कारभारी म्हणतो, आणि तो हसून घेतो. हसून घेणारी माणसं मला कधीच पटली नाहीत. मंगळवारी सबंध सिंफनी न थांबता एकदा वाजवून पाहिली, तेव्हा संथ भागात हा प्राणी खुर्चीतून अर्धवट उठला होता. व्हायोलिनची मान उंचावून त्यानं सगळ्यांना काहीतरी खूण केली होती. मी असताना! चौथऱ्यावर मी उभा असताना हा खुणा करतो! आणि त्याच क्षणी हॉलभर पानं उलटल्याचा आवाज झाला, सगळ्यांची एकदम, जिथं पान उलटायचं काही कारणच नव्हतं तिथं. एक-दोन ठोके सूर गढूळ झाले, मग निवळले. एवढ्या तेवढ्यावरून तालीम थांबवणारा मी नव्हे. पण मनात नोंद झाली. हॉर्नवाल्यानं, म्हणजे मागच्या रांगेत ते वेटोळं पितळी वाद्य फुंकणाऱ्यानं, तर कमालच केली होती. हॉर्न ओठांपर्यंत नेला, तसाच खाली घेतला, आणि मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. तरी मीच मोठेपणा दाखवला. तालीम संपल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आज तुझी ती एकट्याची जागा फार सुंदर झाली बरं का. शनिवारी अशीच येऊ दे." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कारभाऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "थँक्यू साहेब." कौतुक केलं तर माणसानं खुलावं की नाही? याचा चेहरा असा की जणू मी त्याच्या घरी कोणी गेल्याचं सांगितलंय.

"साहेब," गुरुवारी मधल्या सुट्टीच्या आधी कारभारी म्हणाला, "संथ भाग एकदा परत घेऊ या का?" "कशाला? मंगळवारी तो जसा झाला त्याला आता हात लावायचा नाही." "एकदाच. आमच्यासाठी." आमच्यासाठी! हे आमचं आणि तुमचं कधी सुरू झालं? मी म्हटलं, "तुमच्यासाठी शेवटचा भाग घेतो, तो अजून कच्चा आहे." तो बसला. दोन व्हायोलावाल्यांनी, व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, एकमेकांकडे पाहिलं. मी तेही टिपलं.

पुस्तकाशिवाय उभं राहायचं हे काही मी हौसेनं ठरवलं नव्हतं. तरुण होतो, एका परक्या शहरात आयत्या वेळी बदली म्हणून बोलावलं होतं, आणि माझी पेटी विमानानं भलत्याच खंडात नेऊन टाकली. पेटीत कपडे आणि खुणा केलेलं पुस्तक. कपडे हॉटेलच्या वाढप्याकडून मागून घेतले, बाह्या आखूड होत्या. त्यांच्याकडचं कोरं पुस्तक कोणीतरी देऊ केलं, पण खुणांशिवायचं पुस्तक हे दुसऱ्याच्या चष्म्यासारखं, त्यापेक्षा नको. पाठ होतं. उभा राहिलो, आखूड बाह्या आणि रिकामा चौथरा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी लिहिलं की याला पुस्तक लागतच नाही. झालं. मग लागून चालेना. मग जिथं जाईन तिथं लोक आधी चौथऱ्याकडे बघायचे, स्टँड आहे का नाही ते. विमानतळ, हॉटेल, तालीम, कार्यक्रम, टाळ्या, विमानतळ. काही वाद्यवृंद छडी खाली आली की वाजवतात, काही छडी खाली येऊन गेल्यावर एक श्वास थांबून वाजवतात. पहिल्या पाच मिनिटांत ते ओळखलं नाही तर तुमचं काही खरं नाही. मी ओळखायचो. भाषा येत नसलेल्या गावात मी केवळ मनगटावर आठवडा काढलेला आहे. आणि सगळं डोक्यात. खरं तर त्याचं मूळ त्या हरवलेल्या पेटीत नाही, बाबांत आहे. बाबा गणित शिकवायचे. संध्याकाळी दिवा लागला की मला समोर बसवायचे आणि विचारायचे, "पाठ आहे?" मी हो म्हटलं की हात पुढे करून पुस्तक मिटायचे. "मग मिट की. उघडं कशाला ठेवतोस, भिकाऱ्यासारखं?" पुढे मी कंडक्टर झालो असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, कुठल्या बसवर? बाबा तरीही छाती काढून म्हणाले, "कुठल्याही असू दे. पण पुस्तक न बघता."

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो तर बायको फोनवर होती. पाठमोरी. आवाज खाली. "हो... नाही, अजून नाही... उद्या मी येते ना," एवढं ऐकू आलं, मग फरशीचा तुकडा माझ्या पायाखाली वाजला आणि ती म्हणाली, "बरं, ठेवते." मी विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "कारभारी." सरळ म्हणाली. खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान लपवण्यासारखं काहीतरी आहे हे तरी कळलं असतं. "त्याचं तुझ्याशी काय काम?" "अरे, आम्ही किती वर्षं एकत्र वाजवलंय. फोन करू नये का?" हे खरं होतं. ही व्हायोला वाजवायची, याच वाद्यवृंदात, मी इथं यायच्या आधीपासून. माझ्याशी लग्न झाल्यावर लोक नाही नाही ते बोलतील म्हणून तिनं आपणहून सोडलं. त्यांची ती आतली भाषा मला कधी आली नाही. वाजवणारे सगळे एकीकडे आणि हवेत हात हलवणारा एकटा एकीकडे, असं ती पूर्वी थट्टेनं म्हणायची. मी म्हटलं, "माझ्या कराराबद्दल काही म्हणाला का?" "नाही." "छडी चालवायला एक नवी बाई आणणार आहेत म्हणे, पुढच्या हंगामात. पाहुणी म्हणून. आधी पाहुणी, मग घरमालकीण." "तुला कोण सांगतं हे?" "मला सांगावं लागत नाही." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. एरवी तिच्या अशा बघण्याला मी काहीतरी फाजील बोलून उडवून लावतो. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच मला झोंबलं. ती म्हणाली, "जेवून घे." आणि मग, ओट्याकडे वळता वळता, "उद्या पुस्तक राहू दे ना समोर. मिटलेलं का असेना." म्हणजे पुस्तकाचं हिलाही ठाऊक होतं! मी तिला गुरुवारचं काहीच बोललो नव्हतो. कारभारी, मामा, हॉर्नवाला, आता घरातलं माणूससुद्धा. सगळे मिळून एक काहीतरी वाजवतायत आणि त्याचे कागद फक्त मला दिलेले नाहीत.

शनिवारी मी मुद्दाम लवकर गेलो. कारभारी मागच्या बोळात एकटाच सापडला, भिंतीकडे तोंड करून बोटं मोकळी करत होता. मी त्याला आडवाच घेतला. "मला काढायचं असेल तर तोंडावर सांगा. खुणा कसल्या करता? तू माझ्याकडे बघत नाहीस. तुम्ही कोणीच बघत नाही." कारभाऱ्यानं बोटं खाली घेतली. "साहेब, मंगळवारपासून आम्ही दुसरीकडे कुठं बघतच नाही. डोळे दुखायला लागलेत." "मंगळवारी काय झालं?" तो आपल्या बोटांकडे बघायला लागला. "बोल ना. अर्धवट उठून खुणा केल्यास ना? ते कशासाठी?" त्यानं आजूबाजूला पाहिलं. माणूस लाजतो तसा तो लाजला होता, आणि लाज स्वतःची नव्हती. "साहेब, संथ भाग मनातल्या मनात एकदा म्हणून बघा," तो म्हणाला. "सावकाश. आणि मग मला सांगा, मंगळवारी हॉर्न ऐकलात का." एवढं बोलून तो व्हायोलिन उचलून गेला. मला आधी वाटलं, ही नवी चाल.

खोलीत जाऊन दार लावलं. आरशासमोरच्या खुर्चीवर बसलो आणि डोळे मिटले. संथ भाग. चेलोंची, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या त्या मोठ्या व्हायोलिनांची ती चाल, खालून वर चढणारी. ती चाल त्या भागात दोनदा येते, अगदी सुराला सूर तशीच, जुळ्या भावांत फरक असेल तेवढाही फरक नाही. पहिल्यांदा ती संपली की सगळे थांबतात आणि हॉर्न एकटा वाजवतो, बराच वेळ. दुसऱ्यांदा ती संपली की व्हायोलिनं हलकेच येतात आणि भाग शेवटाकडे वळतो. एकसारखी दोन वळणं. एक गावात जातं, एक गावाबाहेर. पुस्तकाशिवाय चालणाऱ्यानं तिथं जपायचं असतं, हे मी स्वतः किती पोरांना शिकवलंय. मी मंगळवार आठवायला लागलो. चेलो चढले. चाल संपली. माझा डावा हात उठला. हात कुणाकडे? डावीकडे. व्हायोलिनांकडे. पहिल्याच वेळी. मग कारभारी अर्धवट उठला, कारण त्याच्या लक्षात आलं की मी मधलं सगळं गाळून पुढं गेलोय. मग पानं फडफडली, कारण ऐंशी माणसं, मला न दुखवता, माझ्यामागोमाग उडी मारत होती. हॉर्नवाल्यानं ओठापर्यंत नेलेला हॉर्न खाली घेतला, कारण त्याची जागाच मी खाऊन टाकली होती. आणि मी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ती जागा किती सुंदर झाली ते सांगितलं. मी आठवणीत तो हॉर्न शोधायला लागलो, मंगळवारचा नाही तर कुठलाही, गेल्या वर्षीचा, त्या आखूड बाह्यांच्या वेळचा. चेलो ऐकू येत होते. मग व्हायोलिनं. मध्ये काही नव्हतं. भोक पडलंय हेही कळू नये इतक्या सफाईनं शिवण घातलेली.

आणि मग बाबा आठवले, नको असताना. शेवटच्या दोन-तीन वर्षांतले. त्यांचा चष्मा रोज चोरीला जायचा. सूनबाईनं लपवला, शेजाऱ्यांनी नेला, तूच विकलास. उशीखाली सापडला की म्हणायचे, आणून ठेवला बघ चोरानं, घाबरला. दारं लावून बसायचे. सगळे आपल्याविरुद्ध मिळालेत, याची त्यांना बालंबाल खात्री होती. एका दुपारी, मी कुठल्याशा दौऱ्यावरून आलो होतो, ते शाळेतल्या मुलांना शिकवावं तसे आम्हाला पाढा म्हणून दाखवत होते. "सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात नवे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर." मध्ये आठ गेला. आवाजात तसूभर शंका नाही. विजयानं आमच्याकडे पाहिलं. मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही मान डोलावली. "वा बाबा," मी म्हणालो. प्रेमानं म्हणालो होतो. ते "वा" मला आता त्या खोलीत पुन्हा ऐकू आलं, आणि त्यातला आवाज हॉर्नवाल्याच्या "थँक्यू साहेब"चा होता. मला भीती वाटली. करार गेला, नाव गेलं, ती नवी बाई उद्याच येऊन बसली, तरी एवढी भीती वाटली नसती.

दारावर टकटक झाली आणि बायको आत आली. हातात माझा लांब शेपटाचा काळा कोट. "तूच ठेवायला सांगितलंस ना, पुस्तक?" मी विचारलं. "हो." "मंगळवारी होतीस तू?" "मागच्या रांगेत. छत्री द्यायला आले होते, थांबले ऐकायला." "मग घरी का नाही बोललीस?" ती कोटावरचा नसलेला धागा काढत राहिली. "बोलले असते तर तू म्हणाला असतास, मी त्यांना सामील आहे." म्हणालोच असतो. बोळातून म्हणतच आलो होतो. "हे... पुन्हा झालंय का? आधी?" "चाव्यांचं होतं. परवा तू मला दोनदा विचारलंस, विमान कधी आहे. विमान नव्हतंच." मग ती माझ्यामागे उभी राहिली, कोट धरून. "आपण डॉक्टरकडे जाऊ. सोमवारी. मी वेळ घेतलीय. आज मात्र तू वाजव." "मी कुठं वाजवतो? मी हात हलवतो." "तेच ते," ती म्हणाली, आणि रडायला लागली, तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. मी बाह्यांत हात घातले. बाह्या बरोबर होत्या.

रंगमंचाच्या कडेला मामा उभा होता, गुडघा चोळत. "साहेब, काय करू? उचलू?" समोर उजेडात चौथरा होता, त्यावर स्टँड, स्टँडवर निळं पुस्तक, आणि पलीकडे काळोखात भरलेलं सभागृह. ते सगळे आता चौथऱ्याकडेच बघत असणार. पेपरवालेही. कार्यकारिणी पहिल्या रांगेत. "राहू दे," मी म्हणालो. मामा म्हणाला, "बरं," आणि बाजूला सरला. मी गेलो, वाकलो, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या खालून एक कुजबुज गेली; मला ती नीट ऐकू आली. वळलो. पुस्तक उघडलं आणि ओळींच्या मुंग्या झाल्या. चष्मा! इतक्या वर्षांत इथं चष्मा लागलाच नव्हता. हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला आणि खिशात चष्मा होता. मी नव्हता ठेवला. कोणी ठेवला असेल त्याचा मी विचार केला नाही. डोळ्यांवर चढवला, दोन हजार माणसांसमोर, आणि कारभाऱ्याकडे पाहिलं. तो आधीपासूनच बघत होता. सगळेच बघत होते. ऐंशी तोंडं. त्यांच्यात मी परवा काय काय वाचलं होतं!

पहिला भाग झाला. पानं उलटायची सवय मोडली होती, एकदा दोन उलटली, जिभेवर बोट लावून सुटी केली. बाबा फार चिडले असते. संथ भाग सुरू झाला. चेलो खालून वर चढायला लागले आणि मला सगळं स्वच्छ आठवत होतं. चाल संपली की व्हायोलिनं. शंकाच नव्हती. डावा हात उठायला लागला. पानावर मात्र व्हायोलिनांच्या ओळी कोऱ्या होत्या, आणि वर, एका ओळीत, हॉर्न. एकटा. मी पानाकडे पाहिलं आणि खरं सांगतो, माझ्या मनात आलं की पान कोणीतरी बदललंय. गुरुवारपासून हे पुस्तक यांच्या ताब्यात होतं. कोणीही काहीही केलं असेल. माझं डोकं, ज्याच्यावर मी जगभर फिरलो, ठामपणे सांगत होतं की हे पुस्तक खोटं आहे, आणि चाल संपत आली होती. शेवटचे दोन सूर राहिले. मी मान वर केली. मागच्या रांगेत हॉर्नवाल्यानं हॉर्न ओठांपर्यंत नेला होता आणि तसाच धरून ठेवला होता. तो पानाकडे बघत नव्हता. त्याचे डोळे माझ्या हातावर होते. माझा हात अजून डावीकडे होता. मला तो तिथून उचलावा लागला, दुसऱ्या कुणाचा उचलावा तसा, आणि त्याच्याकडे न्यावा लागला. पटलेलं नव्हतं तरी मी खूण केली.

हॉर्न वाजला. एकटा, बाकी सगळे थांबलेले. किती वेळ वाजत होता! कुठून कुठं गेला, एकदा खाली उतरून परत आला, आणि मला पुढचा सूर कुठला ते एकदाही आधी कळलं नाही. मी छडी खाली घेऊन नुसता ऐकत उभा राहिलो. सगळे म्हणतात, मी ही सिंफनी उभा जन्म वाजवत आलोय. असेल. ती जागा मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकली.